मुलुंड ते बोरिवली, नाकासमोर

मुलुंड पूर्वेहून बोरिवली पूर्वेला जाणं हा काही प्रवास नाही, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत आले. एक बॅग भरायची, मोबाइलमध्ये डोकं घालायचं आणि मम्मीच्या दारातच वर काढायचं. मधली उपनगरं असतात तिथे, असू देत. पण फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी आणि माझ्या सासूबाई न्याहारीच्या आधी निघालो, ते दिवेलागणीला पोचलो, आणि लोक युरोप बघून आल्यावर बोलतात ना, तशी मी तेव्हापासून बोलत सुटले आहे. घरचे आता ऐकत नाहीत. म्हणून लिहिते.

मुलुंड

आमच्या घराला रंग लागत होता. आमची सव्वा वर्षाची रेवा त्या वासात नको, म्हणून तिला आठवडाभर बोरिवलीला माझ्या मम्मीकडे ठेवलं होतं. माझा नवरा मंदार कामासाठी नागपूरला. घरात मी, माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, आणि जुन्या चादरींखाली गुदमरलेलं फर्निचर. आई दिवसभर पदर नाकाला लावून फिरायच्या. मी मात्र ओल्या भिंतीला नाक टेकवून झोपले असते तरी मला कळलं नसतं. मला कसलाच वास येत नव्हता.

रेवा पोटात असताना सातव्या महिन्यात मला ताप आला. साधाच. तो गेला आणि जाताना वास घेऊन गेला. मग जेवण म्हणजे खारट, गोड, तिखट, मऊ, कुरकुरीत, बस. दूध नासलंय का, गॅस सुटलाय का, हे मी दुसऱ्यांना विचारायचे. हे सगळं चालवून घेता येतं. पण रेवा जन्मली, तिला माझ्या छातीवर ठेवलं, आणि माझ्या नाकात काहीच शिरलं नाही. भेटायला येणारी प्रत्येक बाई तिच्या टाळूला नाक लावून डोळे मिटायची. "अहाहा, बाळाचा वास!" मी शेजारी बसून हसायचे. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांच्या पानात जिलबी पडते आणि वाढणारा आपल्यालाच टाळून पुढे जातो, तसं ते हसू होतं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, येईल परत, पण कदाचित वाकडा येईल. कॉफीला टायर जळल्याचा वास येईल, कांदा सडका लागेल. घाबरायचं नाही. आणि तसा तो एकदा आलाही. फोडणीतला कांदा दोन दिवस गटारासारखा येत होता, मग तेही बंद झालं.

तर त्या शनिवारी मी चहा ठेवायला उठले आणि हॉलच्या उंबऱ्यात थबकले. नाकाच्या मुळाशी काहीतरी टोचलं. थंड, ओलं, खडूसारखं, वर थोडं उग्र. मी पेंटरच्या उघड्या डब्यावर वाकले, आणि ते भस्सकन आत गेलं. मी ओरडले.

आई हातात झाडू घेऊन धावत आल्या. "काय गो, काय झालां? पाल पडली?"

"आई, रंगाचा वास येतोय!"

"रंगाक रंगाचो नाय तर काय अत्तराचो येतलो? माझां नाक फाटलां ह्या वासान आणि तुका आत्ता..." मग त्यांच्या लक्षात आलं. झाडू गळून पडला. "येता? खरांच येता?"

मी मान हलवली. रडत होते की हसत होते, मला अजून सांगता येणार नाही. डबा मी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, कुणी घेऊन जाईल म्हणून.

"तो डबो ठेव खाली," आई म्हणाल्या. "मी साडी बदलतंय. चेडवाकडे जावया. आत्ताच्या आत्ता, परत जावच्या आधी."

चेडू म्हणजे पोर, आमची रेवा, आणि जावच्या आधी म्हणजे वास जायच्या आधी. त्यांनी माझ्या मनातलंच बोलून दाखवलं होतं. मंदारला फोन केला. तो झोपेत म्हणाला, "झकास! पण कसला वास?" मी म्हटलं, "डिस्टेंपरचा!" आणि आम्ही निघालो. आईंनी विहिणीला द्यायला म्हणून गावाहून आलेली सुकट पिशवीत घातली. तिची हकिगत पुढे येईल.

भांडुपची खाडी

रिक्षा द्रुतगती मार्गाला लागली आणि माझा उत्साह मावळायला लागला. वास आला खरा, पण सरळ आला की वाकडा? रंग मी आयुष्यात किती वेळा हुंगला होता? तो असाच असतो, हे ठरवणार कुणी? आणि रेवाच्या टाळूला मी नाक लावलं आणि मला गटार आलं तर? तो पहिला वास म्हणून जन्मभर माझ्या डोक्यात बसला तर?

एवढ्यात उजेडात मिठागरं चमकली आणि वाऱ्याबरोबर काहीतरी आलं. मला कल्पना सुचली.

"आई, आधी घाण वास बघू या. घाण नीट घाण आली, तर चांगला नीट चांगला येईल ना?"

आईंनी माझ्याकडे, मी वेडी झाले आहे का, अशा नजरेने पाहिलं. मग रिक्षावाल्याला म्हणाल्या, "भैया, खाडी की तरफ लो. हमारी बहू को चिखल सूंघना है."

भांडुपच्या पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर पहाटे दुर्बिणी घेऊन पक्षी बघणारे येतात. आम्ही पोचलो तेव्हा ते परतत होते. त्यांनी आम्हाला कुठे काय दिसेल ते प्रेमाने सांगितलं. समोर ओहोटीचा चिखल, काळा, लोण्यासारखा चकचकीत, आणि त्याच्या पार पलीकडच्या कडेला रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. पाय उचलायचे, ठेवायचे, मान खाली. एरवी मी शंभर फोटो काढले असते. त्या दिवशी मी पाठ वळवली, डोळे मिटले आणि श्वास घेतला.

काय घाण होती म्हणून सांगू! सडलेली पानं, मीठ, अंडं, शेवाळ, मेलेला खेकडा, आणि या सगळ्याच्या खाली काहीतरी गार आणि जुनं, माठ पहिल्यांदा भरल्यावर येतं तसलं. एकेक वेगळं लागत होतं. कुणीतरी वाद्यं एकेक करून सुरू करावीत तसं. लहानपणी बोरिवलीहून गोराईला जाताना जेट्टीवर मी नाक दाबून उभी राहायचे. हा तोच वास होता. अख्खं बालपण फुकट मिळत होतं आणि मी नाक दाबून घेतलं होतं.

माझे हात आपोआप जोडले गेले.

"चिखलाक नमस्कार करतंस?" आई पदराआडून म्हणाल्या.

"हो."

"मग चप्पल काढ."

त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांनी स्वतःचीही चप्पल काढली. आई सकाळी सूर्याला हात जोडतात, गॅस पेटवताना शेगडीला जोडतात, नळाला पाणी आलं की नळालाही जोडतात. मला त्याचं हसू यायचं. आम्ही दोघी त्या डांबरी रस्त्यावर अनवाणी, नाकाने सूं सूं करत उभ्या राहिलो. रिक्षावाला मीटर चालू ठेवून लांबून बघत होता. माझ्या चपलेवर एका कुत्र्याने लक्ष ठेवलं होतं, ते आम्हाला उशिरा कळलं. एक पळवलीच त्याने. ती खारफुटीत गेली. माझी पुढची यात्रा घाटकोपरपर्यंत एका पायात चप्पल आणि एका पायात धन्यता अशी झाली.

घाटकोपर

घाटकोपरला आधी रस्त्यावरच्या दुकानातून रबरी चपला घेतल्या. त्यांचाही वास घेतला. उत्तम होता.

आता, आमच्या घरी शनिवारची न्याहारी म्हणजे घावणे. पांढरे, जाळीदार, सोबत नारळाचा रस. घाटकोपर पूर्वेच्या त्या गल्लीत सकाळ होते ती बेसनाच्या पिवळ्या धुरात. फाफडा, कच्च्या पपईचा कीस, तळलेल्या मिरच्या, जिलबी. आमच्याकडे तिखटापाठोपाठ गोड येतं, यांच्याकडे दोन्ही एकाच घासात बसतात आणि भांडत नाहीत. पूर्वी मला ते विचित्र वाटायचं.

मी कढईजवळ गेले. तेलात फाफड्याची पट्टी पडली आणि ओवा उठला. हो, ओवा! त्याच्यामागून हिंग, मग बेसन भाजल्याचा खमंगपणा. मी डोळे मिटून पुढे झुकले, तशी कढईमागच्या काकांनी झारा आडवा धरला.

"बेन, लेना है के सूंघना है?"

"दोनो," आई म्हणाल्या.

मी त्यांना दीड वर्षाची गोष्ट सांगितली, धेडगुजरी हिंदीत, हातवारे करत. काकांनी गॅस बारीक केला. आत गेले. बाहेर आले ते चार-पाच डबे छातीशी धरून. "आँख बंद," म्हणाले. आणि त्या गर्दीच्या वेळी, मागे गिऱ्हाईकं उभी असताना, त्यांनी एकेक झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरलं. वेलची, मी म्हटलं. सुंठ. बडीशेप. पुढचं येईना. "सोचो, सोचो," मागून एक बाई म्हणाली. कुणीतरी म्हणालं, "हिंट दो ना यार." मी दोन वेळा श्वास घेतला. चाटवाल्याची पाणीपुरी, शाळेसमोरची गोळी, ताक... "काळं मीठ!" मी ओरडले आणि अख्ख्या रांगेने टाळ्या वाजवल्या. आयुष्यात मला कशाकशात नंबर मिळाले आहेत, पण असा आनंद झाला नव्हता.

मग पहिला घास. मिरची, पपई, फाफडा, आणि वर जिलबीचा तुकडा. तो तोंडात आणि नाकात एकाच वेळी उमलला. मी टेबलावर हात आपटला. आई स्वतःची जिलबी माझ्या कागदावर सरकवत म्हणाल्या, "खा गो बाय, खा." त्यांचे डोळे भरले होते. मिरचीने, असं त्यांनी सांगितलं.

अंधेरी

घाटकोपरहून मेट्रो घेतली. डबा थंडगार, दारं बंद, आणि साकीनाक्याच्या आसपास सुकटीने पिशवीतून तोंड बाहेर काढलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सुकट म्हणजे वाळवलेली कोलंबी. ती चटणीत स्वर्ग असते. बंद एसी डब्यात तिचं वागणं वेगळं असतं. आधी एका गृहस्थाने बुटांकडे पाहिलं. मग शेजारच्या बाईंनी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. हळूहळू सगळा डबा एकमेकांवर संशय घेऊ लागला. मला हसू आवरेना, कारण मला तो वास येत होता! सगळ्यांसारखाच! कित्येक महिन्यांनी मी माणसांच्या पंगतीत बसले होते आणि जिलबी माझ्याही पानात होती.

शेवटी एक काका म्हणाले, "ये क्या बास आ रहा है?"

आईंनी पिशवी वर उचलून सगळ्यांना दाखवली. "सुकट है. बॉम्ब नहीं है."

समोरची, कानात हेडफोन घातलेली मुलगी खुदकन हसली. "काकी, कुठली? वेंगुर्ल्याची का? माझ्या आजीकडे अस्साच वास येतो." ती उठून आमच्या शेजारी येऊन बसली आणि तिचं स्टेशन येईपर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. काका मात्र दुसऱ्या टोकाला गेले. त्यांचंही चूक नव्हतं.

हायवेच्या स्टेशनला उतरून, पूल ओलांडून दुसऱ्या मेट्रोने बोरिवली. सोपं होतं. पण पुलाखाली एक कॉफीवाला दिसला, आणि मला वाटलं, एवढं जमलंय तर कॉफीही बघावी. मंदारची आणि माझी पहिली ओळख एका कॉफीवरच झाली होती. मी कप नाकाशी नेला.

टायर. जळका, काळा, डांबरात चिकटलेला टायर.

मी कप खाली ठेवला. पुन्हा उचलला. टायरच. वाट लागली, म्हटलं. कॉफी वाकडी, म्हणजे उद्या ओवा, परवा काळं मीठ. मी कठड्यावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही. दुपार चढली. वरून गाड्या जात होत्या. आईंनी उसाचा रस आणून दिला, तो मी हुंगायचं टाळून प्यायले.

"घरी जाऊ या आई," मी शेवटी म्हटलं.

"कित्याक?"

"तिच्या डोक्याला असाच आला तर? मला नाही बघायचं. मला नाही माहीत करून घ्यायचं."

आई माझ्या शेजारी बसल्या. चिडल्या होत्या. "वाकडो इलो तर इलो. चेडू वाकडां होतलां काय? तां तुझ्या वासार झोपता गो. रोज तुझ्या कुशीत नाक खुपसता. त्येका इचारलंस, तुका सरळ येता काय म्हणान?"

मी रसाचा रिकामा ग्लास बाजूला ठेवला.

"माका हुंग," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माका हुंग बघया. माझो वास कसो येता ता सांग."

रस्त्यावर, ऑफिसातली माणसं डबे खाऊन परतत असताना, मी माझ्या सासूबाईंच्या खांद्यावर नाक टेकवलं. नऊ वर्षं एका घरात राहिलो, पण इतकी जवळ मी त्यांच्या कधी गेले नव्हते. खोबरेल. कापूर. सुकट, अर्थातच. आणि त्याखाली ऊन लागलेल्या सुती कापडाचा वास, जो कदाचित साडीचा होता आणि कदाचित त्यांचा. यातलं काही वाकडं नव्हतं. मी बराच वेळ डोकं उचललं नाही. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला, तोही त्यांना जमत नव्हता, थोपटल्यासारखा झाला.

"कसो येता?" त्यांनी विचारलं. थोडं घाबरून विचारलं, असं मला वाटलं.

"छान येतो, आई."

"मग चल," असं म्हणून त्या ताडकन उठल्या. टायरची कॉफी त्यांनी स्वतः पिऊन टाकली. टाकून द्यायची नसते म्हणून.

बोरिवली

राष्ट्रीय उद्यानाच्या स्टेशनला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. डोंगराकडून वारा येत होता. मम्मीच्या गल्लीत शिरल्यावर मला काहीतरी गोडूस, किंचित आंबूस, धुळकट असं आलं. विश्वास बसेना. मी आईंकडे पाहिलं.

"मोहोर," त्या म्हणाल्या. "आंबो असतलो खंयतरी."

शोधला. सोसायटीच्या भिंतीमागे होता, मी लहान असल्यापासून तिथेच. त्याच्या खाली पार्किंगच्या रांगा, आणि गाड्यांच्या टपांवर बारीक पिवळा सडा. वॉचमन तो झटकत होता. मी त्याला थोडं थांबायला सांगितलं.

मग जिना. मग दार. मम्मीला मी फोनवर काही सांगितलं नव्हतं. तिने दार उघडलं आणि आधी माझ्या रबरी चपलांकडे पाहिलं.

"अगं हे काय? रंग झाला? विहीणबाई, तुम्हीपण? या ना, या. गौरी, तुझा चेहरा असा का झालाय?"

"रेवा कुठाय?"

रेवा आतून येत होती. ती नुकतीच चालायला लागली होती, दोन्ही हात वर धरून, दारूच्या नशेतल्या माणसासारखी झोकांड्या खात. मला पाहून तिने किंकाळी फोडली आणि सुटलीच. मी गुडघ्यांवर बसले. पळून जावंसं वाटत होतं. ती धाडकन माझ्या अंगावर आदळली, मी तिला घट्ट धरलं, डोळे मिटले आणि श्वास आत घेतला.

नॅपी भरलेली होती.

शंकाच नको. ठासून, सणसणीत, डोळ्यांत पाणी आणणारा वास. माझ्या लेकीचा मला आलेला पहिला वास. अगदी सरळ, नाकासमोर! मी जमिनीवर बसून हसायला लागले, ते थांबेचना. हसता हसता हुंदका आला, तोही त्यातच मिसळला.

"अगं दे इकडे, बदलते मी," मम्मी म्हणाली.

"हात लावू नकोस!"

"काय झालंय हिला?" मम्मीने आईंना विचारलं.

"नाक इला," आई म्हणाल्या आणि खुर्चीत बसून पदराने डोळे पुसू लागल्या. मम्मीला ते शब्द कळायला एक क्षण लागला. मग ती तिथेच, दाराशी, भिंतीला टेकली.

रेवाला मी धुतलं, कपडे बदलले आणि खिडकीशी घेऊन बसले. मग तिच्या टाळूवर नाक ठेवलं. तिथे काय होतं, ते मला नीट लिहिता येणार नाही. दूध म्हणावं तर नाही. थोडं पाटीवरच्या ओल्या पेन्सिलीसारखं, थोडं ताज्या गव्हाच्या पिठासारखं, आणि मधूनच काहीतरी, ज्याला मी कधी भेटलेच नव्हते. सरळ की वाकडं, कोण सांगणार? तुलना करायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. हाच होता. मी पुन्हा पुन्हा घेतला. बाहेर अंधार पडला, कुणीतरी दिवा लावला.

"मला दे," मम्मी म्हणाली आणि तिनेही नाक लावलं. "तुझ्यासारखाच गं. तू लहान असतानाचा."

"खंय! मंदारचो असा," आई म्हणाल्या आणि दुसऱ्या बाजूने वाकल्या. त्यावरून दोघींची थोडी वादावादी झाली. निकाल लागावा म्हणून दोघी आळीपाळीने हुंगू लागल्या.

तीन बायका आपल्या डोक्यावर वाकून सूं सूं करताहेत, हे बघून रेवा आधी गोंधळली, मग खिदळली. मग तिला तो खेळ वाटला. तिने माझे दोन्ही कान पकडले, माझं डोकं खाली ओढलं, आपलं एवढंसं नाक माझ्या गळ्यात खुपसलं, जोरात श्वास घेतला आणि माझ्या अंगावर मनापासून शिंकली.